‘गुरुवारी येईल बहुतेक’ स्पॅनिशमध्ये: सहा आठवड्यांच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

आज मी मेक्सिकोतल्या एका गिऱ्हाइकाला हुकूम सोडला. बेलापूरला एका फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे लोकांचा माल परदेशी पोचवायची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत, मी डॉक्युमेंटेशन बघते. न्हावा शेवाहून सुटलेले कंटेनर, त्यातले थोडे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला, थोडे मेक्सिकोतल्या मान्सानियोला. स्पॅनिश बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत झालंय, म्हणून तिकडचे सगळे मेल माझ्या गळ्यात. त्यांनी विचारलं होतं, माल कधी लागणार. मला लिहायचं होतं, ‘गुरुवारी येईल बहुतेक.’ मी लिहिलं, ‘येगे एल ह्वेबेस, ताल बेस.’ मेक्सिको सिटी आपल्या साडेअकरा तास मागे, तिकडचं ऑफिस उघडतं तेव्हा मी ठाण्याला घरी जेवत असते. रात्री पावणेनऊला मोबाइलवर एका शब्दाचं उत्तर आलं: ‘यो?’ म्हणजे ‘मी?’

झालं असं की ‘येगे’ हे सबजंक्टिव्हचं (शंका, इच्छा, शक्यता यांच्या वाक्यांत येणाऱ्या क्रियापदाचं) रूप आहे खरं, पण आदरार्थी आज्ञेचं रूपही तेच. वाक्याच्या तोंडाशी एकटं आलं की ते ‘या!’ असंच वाचलं जातं. म्हणजे मी त्या भल्या माणसाला कळवलं होतं: ‘गुरुवारी या, कदाचित.’

तेव्हा ठरवलं, शक्यतेच्या शब्दांचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा. कुठल्या शब्दासोबत साधं क्रियापद म्हणजे इंडिकेटिव्ह, आणि कुठल्यासोबत सबजंक्टिव्ह. १४ जुलैपासून व्हॅलेन्सियाचं एक मोठं खातं माझ्याकडे येतंय, तीच मुदत. कोणी याच वाटेने जात असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतेय.

(स्पॅनिश शब्द मी मेक्सिकन उच्चाराने देवनागरीत लिहिते. ‘किसास’मधला पहिला ‘स’ स्पेनमध्ये ‘थ’कडे झुकतो, मेक्सिकोत नाही.)

४ जून, बुधवार

गोखले रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानातून कोऱ्या कार्डांची दोन पाकिटं, १४० रुपये. प्लास्टिकचा डबा ९०. रिंगा ४०.

शब्द निवडले चौदा, सगळे ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘शक्य आहे’, ‘वाटतं’ या घराण्यातले. ‘ताल बेस’, ‘किसास’, ‘प्रोबाब्लेमेन्ते’, ‘पोसिब्लेमेन्ते’, ‘आ लो मेहोर’, ‘इग्वाल’, ‘सेगुरामेन्ते’, ‘सेगुरो के’, ‘प्वेदे के’, ‘एस पोसिब्ले के’, ‘एस प्रोबाब्ले के’, ‘देबे दे’, ‘क्रेओ के’, ‘नो क्रेओ के’. ‘आकासो’ सोडला, मला मेलमध्ये तो एकदाही भेटलेला नाही.

पद्धत अशी ठरवली: प्रत्येक शब्दाला खात्रीचे टक्के द्यायचे. क्लासमध्ये फळ्यावर तसा तक्ता काढला होता, वर ‘नक्की’, खाली ‘अशक्य’, मध्ये बाण. वरचे शब्द इंडिकेटिव्ह, खालचे सबजंक्टिव्ह. मी तो मोठा काढला, रंगवला आणि चार पानं लॅमिनेट करून आणली. ६० रुपये. हे साठ रुपये लक्षात ठेवा.

८ जून, रविवार

स्वतःच चाळीस वाक्यं काढली, सगळी आमच्या धंद्यातली: कंटेनर, बिल ऑफ लेडिंग, कस्टम्स, ट्रक. एक दिवस बाजूला ठेवून आज तक्त्यावरून सोडवली. चाळीसात सतरा चूक.

चुका मांडून बसले तेव्हा तक्ता पहिल्या दहा मिनिटांतच गेला. ही दोन वाक्यं पाहा:

‘एस मुय प्रोबाब्ले के येगे एल ह्वेबेस.’ गुरुवारी येण्याची खूपच शक्यता आहे. नव्वद टक्के म्हणा. क्रियापद ‘येगे’, सबजंक्टिव्ह.

‘आ लो मेहोर येगा एल ह्वेबेस.’ आला तर गुरुवारी येईलही. चाळीस टक्के सुद्धा नाहीत. क्रियापद ‘येगा’, इंडिकेटिव्ह. आणि ‘आ लो मेहोर’सोबत इंडिकेटिव्हच.

म्हणजे खात्री जास्त तिथे सबजंक्टिव्ह आणि खात्री कमी तिथे इंडिकेटिव्ह, बरोबर उलटं. तक्ता कपाटाच्या वर गेला.

सतरातल्या नऊ चुका एकाच जातीच्या होत्या: ‘एस प्रोबाब्ले के येगारा’. मी ‘के’नंतर (‘के’ म्हणजे आपला ‘की’) सरळ भविष्यकाळ लावला होता. का, तेही लगेच कळलं. डोक्यात ‘शक्यता आहे की येईल’ चालू होतं आणि ‘येईल’चं मी ‘येगारा’ करत होते. आजच्या स्पॅनिशमध्ये सबजंक्टिव्हला वेगळा भविष्यकाळ वापरात राहिलेला नाही, तो जुन्या कायद्याच्या भाषेत सापडतो. ‘येगे’ हेच आजचं आणि उद्याचंही. पाच चुका ‘किसास’ आणि ‘ताल बेस’च्या. उरलेल्या तीन निव्वळ रूपांच्या, त्यांचं पुढे.

११ जून, बुधवार

पहिला तास. शिक्षिका मेक्सिकोतल्या, ऑनलाइन, तासाला ८०० रुपये. त्यांचे सकाळचे आठ, माझे संध्याकाळचे साडेसात. मी त्यांना ‘प्रोफे’ म्हणते, तिकडे तसंच म्हणतात.

मी तक्ता कॅमेऱ्यासमोर धरला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, टक्के विसर, वाक्याचा सांगाडा बघ. शक्यतेचा शब्द क्रियाविशेषणासारखा वाक्यात नुसता येऊन बसलाय, की तो स्वतःच मुख्य वाक्य झालाय आणि बाकीचं सगळं ‘के’च्या दोरीने त्याला लटकवलंय?

‘प्वेदे के’, ‘एस पोसिब्ले के’, ‘एस प्रोबाब्ले के’: इथे मुख्य विधान शक्यतेचं आहे. कंटेनर येतोय असं कोणी म्हणतच नाहीये, म्हणतायत ते ‘शक्य आहे’ एवढंच. लटकलेल्या क्रियापदाला सबजंक्टिव्ह. ‘आ लो मेहोर’ नुसताच येऊन बसतो, त्याच्यासोबत इंडिकेटिव्ह. ‘किसास’, ‘ताल बेस’, ‘प्रोबाब्लेमेन्ते’, ‘पोसिब्लेमेन्ते’ हेही नुसते बसतात, पण यांना दोन्ही चालतं.

मग मी विचारलंच: दोन्ही चालतं म्हणजे नक्की कधी कुठलं? त्या म्हणाल्या, सबजंक्टिव्ह घेतलास तर तू जरा अंग काढून बोलतेस, इंडिकेटिव्ह घेतलास तर जरा जवळ जाऊन. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलताना इंडिकेटिव्ह पुष्कळदा येतं, ‘ताल बेस येगो आयेर’, काल आला असेल. पण ‘ताल बेस आया येगादो’ म्हणालीस तरी कोणी भुवई उंचावणार नाही.

माझं समाधान झालं नाही. मला नियम हवा होता.

१५ जून, रविवार

सकाळी पाऊस. आई स्वयंपाकघरात, मी टेबलावर कार्डं पसरून. बेल वाजली. आई आतून म्हणाली, ‘इस्त्रीवाला असेल गं, बघ.’ वॉचमन होता, सोसायटीची पाण्याची नोटीस घेऊन. दार लावून वळले आणि तिथेच थांबले.

‘असेल’. आईने भविष्याबद्दल काही म्हटलंच नव्हतं. माणूस दाराबाहेर आत्ता उभा आहे. रूप भविष्यकाळाचं, अर्थ अंदाजाचा. स्पॅनिशमध्ये हुबेहूब हेच आहे. ‘सेरा एल बेसीनो’, शेजारी असेल. ‘क्येन सेरा?’ कोण असेल? ‘दोंदे एस्तारा?’ कुठे असेल बाई तो चष्मा? आणि ‘आब्रा सालिदो’, निघाला असेल. ‘गेला असेल’, ‘झोपली असेल’, ‘विसरले असतील’: आपण दिवसभर जे करतो ते स्पॅनिशवाले ‘आब्रा’ लावून करतात. कदाचित नको, शक्यता नको, सबजंक्टिव्ह तर नकोच नको.

क्लासमध्ये हा धडा झाला होता. आम्ही तो इंग्रजीच्या चष्म्यातून शिकलो आणि ‘विचित्र वापर’ म्हणून वहीत चौकट केली. मराठी माणसाला यात विचित्र काय आहे? हे मला आईच्या इस्त्रीवाल्याने शिकवायला हवं होतं का!

दुपारी जोरात दहा कार्डं लिहिली. मग उत्साहात एक चूक केली, तीही नोंदवते. ‘असेल’ जुळलं म्हणून ‘असावा’ही जुळवायला गेले. शाळेत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ पाठ केलेले. विध्यर्थ म्हणजे ‘-आवा’. मला वाटलं, ‘तो घरी असावा’ म्हणजे सबजंक्टिव्ह, सापडलं! एका बाजूला ‘तो घरी असावा’, दुसऱ्या बाजूला नुसतं ‘एस्ते एन कासा’. असं एकटं ‘एस्ते’ मात्र स्पॅनिशमध्ये अंदाजासाठी उभं राहत नाही. ‘तो घरी असावा’ हा माझ्या कानाला पुराव्यावरून काढलेला अंदाज आहे: चपला बाहेर आहेत, पंखा चालू आहे. त्याला स्पॅनिशमध्ये ‘देबे दे एस्तार एन कासा’. इच्छेचं ‘त्याने यावं असं मला वाटतं’ असेल तेव्हा सबजंक्टिव्ह येतं, पण ते शक्यतेचं प्रकरणच नाही. ‘असावा’ची सात कार्डं फाडली.

‘देबे दे’ची एक उपगोष्ट: ‘दे’सकट अंदाज, ‘दे’शिवाय कर्तव्य, असं शिकवतात. स्पॅनिश अकादमी अंदाजासाठी ‘दे’शिवायचं रूपही चालवून घेते, उलटं, कर्तव्यासाठी ‘दे’ लावलेलं मात्र टाळा म्हणते. मी अंदाजाला ‘दे’ लावायचंच ठरवलंय, एक काळजी कमी.

१८ जून, बुधवार

दुसरा तास. ‘असेल’चा शोध प्रोफेंना सांगितला, त्या खूश झाल्या आणि लगेच टाचणी लावली.

एक. मराठीत ‘तीन वाजले असतील’ हे आत्ताचंही आणि कालचंही. स्पॅनिशमध्ये आत्ताचं ‘सेरान लास त्रेस’, आणि ‘मी पोचले तेव्हा तीन वाजले असतील’ला ‘सेरीआन लास त्रेस’. मागच्या काळातला अंदाज करताना रूप बदलायचं. माझ्या दहा कार्डांपैकी चार इथे पडली.

दोन. ही जास्त लागली. ‘कंटेनर बंदरात असेल’ला ‘एस्तारा एन एल प्वेर्तो’ उत्तम. पण ‘गुरुवारी येईल’ला ‘येगारा एल ह्वेबेस’ लिहिलंस तर वाचणारा अंदाज म्हणून वाचणार नाही, त्याला ते ‘गुरुवारी येणार’ वाटेल. बोलताना मेक्सिकोत पुढच्या गोष्टीला ‘बा आ येगार’ जास्त ऐकू येतं, पण व्यवहाराच्या पत्रात ‘येगारा’ म्हणजे शब्द दिल्यासारखं.

म्हणजे जिथे माझं घोडं अडलंय, त्या ईटीएच्या, म्हणजे माल पोचण्याच्या अंदाजे वेळेच्या वाक्यालाच ही युक्ती लागू नाही. आईचा इस्त्रीवाला दारापर्यंतच कामाचा. दुसऱ्या दिवशी जाताना लोकलमध्ये तुर्भेपर्यंत कार्डांकडे बघितलं सुद्धा नाही.

१९ जून, गुरुवार

व्हॅलेन्सियाच्या एका गिऱ्हाइकाला आज ‘सेगुरामेन्ते येगा एल लुनेस’ लिहिलं. म्हणायचं होतं ‘सोमवारी नक्की येतो’. जहाज सुटलेलं होतं, वेळापत्रक पक्कं होतं, सरांनी ‘कन्फर्म कर’ म्हणून सांगितलं होतं. त्यांचं उत्तर दुपारी आलं: ‘सेगुरो ओ सेगुरामेन्ते?’

शब्द दिसतो ‘खात्रीने’, अर्थ आजकाल ‘बहुधा’. त्या माणसाने ट्रक ठरवलाच नव्हता, कारण मी त्याला ‘बहुधा’ सांगितलं होतं! त्याने विचारलं म्हणून निभावलं. नक्की म्हणायचं तर ‘सेगुरो के येगा’ (हेही बोलीतलं), किंवा सरळ तारीख द्यायची. ‘सेगुरामेन्ते’सोबत बहुतेक वेळा इंडिकेटिव्हच येतं, त्यामुळे व्याकरण माझं चुकलं नव्हतं. अर्थ चुकला होता. कार्डावर लाल शाईने ‘बहुधा!’ लिहिलं.

सरांना सांगितलं नाही. हे वाचून कळेल तेव्हा कळेल.

२५ जून, बुधवार

तिसरा तास. आज ‘यो?’वाला मेल त्यांना दाखवला. या वेळी मात्र त्या मनापासून हसल्या.

‘येगे एल ह्वेबेस, ताल बेस’मध्ये खरी चूक जागेची होती. ‘ताल बेस’, ‘किसास’, ‘प्रोबाब्लेमेन्ते’ यांना सबजंक्टिव्ह चालतं ते शब्द क्रियापदाच्या आधी आला तरच. नंतर आला तर फक्त इंडिकेटिव्ह. ‘ताल बेस येगे एल ह्वेबेस’ चालतं. ‘येगा एल ह्वेबेस, ताल बेस’ही चालतं. ‘येगे एल ह्वेबेस, ताल बेस’ चालत नाही.

कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, क्रियापद तोंडातून बाहेर पडलं तेव्हा शंकेचा शब्द अजून आलेलाच नव्हता, मग तो त्याचं रूप कसं बदलणार? नंतर चिकटवलेली शंका म्हणजे शेपूट.

आणि मराठी माणूस हे शेपूट सारखं लावतो. ‘येईल बहुतेक.’ ‘विसरला वाटतं.’ ‘मिळेल कदाचित.’ आधी सांगून मोकळं व्हायचं, मग हात वर करायचे. हीच वाक्यं जशीच्या तशी स्पॅनिशमध्ये उचलायची तर क्रियापद साधंच ठेवायचं, हे आज पक्कं बसलं. ८ तारखेच्या पाच चुकांतल्या चार याच होत्या.

२९ जून, रविवार

आजचा दिवस कार्डांची वाटणी करण्यात गेला. प्रोफेंचा सांगाडा आणि मराठी एकत्र करून बघितलं. मराठी वाक्य दोन तऱ्हांनी लिहिलं:

‘कंटेनर गुरुवारी येईल बहुतेक.’
‘कंटेनर गुरुवारी येण्याची शक्यता आहे.’

पहिल्यात ‘येईल’ स्वतःच्या पायावर उभं आहे. दुसऱ्यात ते ‘येण्याची’ झालं, काळ गेला, पुरुष गेला, शक्यतेला टेकून उभं राहिलं. स्पॅनिश दुसरं वाक्य करताना क्रियापदाचा काळ काढून घेत नाही, पण त्याला सबजंक्टिव्ह करतं. मग ठरवलं: मराठीत ‘येण्याची शक्यता’ म्हणता येत असेल तर ‘एस प्रोबाब्ले के’ किंवा ‘प्वेदे के’ आणि ‘येगे’. मराठीत ‘येईल’ सुटं येत असेल तर ‘आ लो मेहोर’ आणि ‘येगा’.

त्या नऊ चुकांचं मूळ ‘शक्यता आहे की येईल’ हे वाक्यच होतं. बोलताना आपण असं म्हणतो, नाही असं नाही. पण आमच्या ऑफिसात मराठीत नोटीस काढायची झाली तर कोणीही ‘येण्याची शक्यता आहे’च लिहील. म्हणून स्वतःशी मराठीत ‘की’ बंद केला. नऊपैकी आठ वाक्यं आज बरोबर.

२ जुलै, बुधवार

चौथा तास. ‘येण्याची शक्यता’ प्रोफेंना समजावून सांगायला वीस मिनिटं गेली, पण पटलं. मग त्यांनी कालवाकालव केली: ‘नो क्रेओ के’.

‘क्रेओ के येगा’, येईल असं वाटतं. इंडिकेटिव्ह. ‘नो क्रेओ के येगे’, येईल असं वाटत नाही. सबजंक्टिव्ह. मराठीत दोन्हीकडे ‘येईल’ तसंच उभं. माझा टेकू इथे मोडला. ‘एस सेगुरो के येगा’, येणार हे नक्की, इंडिकेटिव्ह. ‘नो एस सेगुरो के येगे’, नक्की नाही, सबजंक्टिव्ह. म्हणजे ‘के’ दिसला की सबजंक्टिव्ह हेही खरं नाही. नकार आला की बदलतं, आणि मराठीचा कान ते सांगत नाही.

यावर उपाय सापडला नाही. वेगळी पिवळी कार्डं केली, नकाराची, आणि पाठ केली. पाठांतराला पर्याय नसतो तिथे मी आता वाद घालत नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपास, साबुदाण्याची खिचडी, आणि रूपांची तालीम. व्याकरण कळून उपयोग काय, ऐन वेळी रूप तोंडात आलं नाही तर. ८ जूनच्या उरलेल्या तीन चुका त्याच होत्या.

कृती सोपी आहे: वर्तमानकाळाचं ‘मी’चं रूप घ्या, शेवटचा ‘ओ’ काढा, मूळ क्रियापद ‘-आर’ने संपत असेल तर ‘ए’ लावा, ‘-एर’ किंवा ‘-ईर’ने संपत असेल तर ‘आ’. ‘येगो’चं ‘येगे’. ‘तेंगो’चं ‘तेंगा’. ‘साल्गो’चं ‘साल्गा’. ‘आगो’चं ‘आगा’. ‘मी’चं रूप वाकडं असेल तर सबजंक्टिव्हही त्याच वाकड्या वाटेने जातं, म्हणून मूळ ‘तेनेर’वरून ‘तेना’सारखं काही करायला जायचं नाही. मी गेले होते.

सहा क्रियापदं या कृतीला जुमानत नाहीत: ‘सेआ’, ‘एस्ते’, ‘बाया’, ‘आया’, ‘सेपा’, ‘दे’. ‘बाया’ म्हणजे जावं, आणि ‘आया’ म्हणजे ‘असणे’ या सहायक क्रियापदाचं रूप, ‘प्वेदे के आया सालिदो’, निघाला असण्याची शक्यता आहे. आईने हे ऐकलं आणि विचारलं, ‘आया सालिदो? कुठली आया?’ सांगायला गेले तर म्हणाली, बाया आणि आया, सगळं घरकामच आहे तुमच्या स्पॅनिशमध्ये. तिच्यामुळे हे दोन शब्द कायमचे डोक्यात राहिले.

लिहिताना एक जास्तीची कटकट: ‘येगे’च्या स्पेलिंगमध्ये ‘ग’ टिकवायला मध्ये ‘यू’ घालावा लागतो, नाही तर उच्चार ‘येहे’ होतो. देवनागरीत लिहिणाऱ्याला हे दिसतच नाही, म्हणून मेलमध्ये दोनदा चुकलं. कार्डांच्या मागे रोमन स्पेलिंग लिहायला घेतलंय.

९ जुलै, बुधवार

शेवटचा तास, आणि अर्धा तास मी स्वतःच वाया घालवला. देशोदेशीचे ‘कदाचित’ गोळा करायची हौस. स्पेनमध्ये ‘इग्वाल’ आणि ‘लो मिस्मो’, दोन्ही इंडिकेटिव्हसोबत, दोन्ही बोलण्यातले. मेक्सिकोत ‘चान्से’, कोलंबियात ‘दे प्रोन्तो’, पेरूत ‘दे रेपेन्ते’, जो इतरत्र ‘अचानक’ या अर्थाने येतो. अर्जेंटिनाकडे ‘कापास के’. ऐकायला मजा वाटली. यातलं एकही मी मेलमध्ये लिहिणार नाही. ‘इग्वाल’चं कार्डही काढून टाकलं: व्हॅलेन्सियाच्या माणसाने लिहिलं तर कळायला हवं, तेवढंच.

उरलेल्या अर्ध्या तासात त्यांनी माझ्या धंद्याचं वाक्य दिलं, जे पहिल्या दिवशी मागायला हवं होतं: ‘एस्ता प्रेबिस्तो के येगे एल ह्वेबेस.’ गुरुवारी अपेक्षित आहे. सबजंक्टिव्ह. ईटीएला हेच.

सकाळी जाताना (रात्री कोण कार्डं बघतं) नवी सवय लागलीय: ठाणे ते बेलापूर पनवेल लोकलमध्ये दहा स्टेशनं, प्रत्येक स्टेशनाला एक कार्ड. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर. बसायला मिळालं तर. उभं असताना डबा उघडायचा नाही. सोमवारी घणसोलीला अकरा कार्डं लोकांच्या पायात गेली, एका काकांनी ‘प्वेदे के’ उचलून दिलं आणि विचारलं, हे कुठल्या मंत्राचं?

१३ जुलै, रविवार

तीच चाळीस वाक्यं पुन्हा, क्रम बदलून. पाच चूक. तीन ‘नो क्रेओ के’च्या, पिवळी कार्डं असूनही. एक ‘सेरीआन’चं ‘सेरान’. एक स्पेलिंगचा ‘यू’.

‘किसास’मध्ये या वेळी एकही चूक नाही, कारण तिथे मी नियम शोधणं बंद केलं. कार्डावर लिहिलंय: ‘आधी आला तर दोन्ही चालतं. पुढे जा.’ ११ जूनला हेच सांगितलं होतं मला, पण तेव्हा ते उत्तर वाटलं नव्हतं.

हिशेब: कार्डं १४०, डबा ९०, रिंगा ४०, लॅमिनेशन ६० (पूर्ण वाया), पाच तास ४,०००. एकूण ४,३३० रुपये. वाया गेलेला वेळ: टक्क्यांच्या तक्त्यावर एक आठवडा, ‘असावा’वर अर्धा रविवार, कोलंबिया-पेरूवर ४०० रुपयांचा अर्धा तास.

पुन्हा करायचं झालं तर तक्ता काढणार नाही, पहिल्याच दिवशी आपल्या कामाची दहा खरी वाक्यं शिक्षिकेसमोर ठेवीन, आणि आईला आधी ऐकीन.

लॅमिनेट केलेली चार पानं आईने परवा कपाटावरून काढली. दोन पोळपाटाखाली जातात, पीठ सांडत नाही म्हणे. उरलेली दोन कुठे गेली विचारलं तर म्हणाली, ‘असतील तिकडेच कुठेतरी.’

उद्या सकाळी व्हॅलेन्सियाचा पहिला मेल आहे. मसुदा तयार ठेवलाय, त्यात दोन ‘एस्ता प्रेबिस्तो के’ आहेत, एक ‘प्वेदे के’, आणि ‘सेगुरामेन्ते’ एकही नाही.